बाबांचा टॅब फुगला त्याची गोष्ट

गेल्या शनिवारी मी आयुष्यात पहिल्यांदा इंजिनिअरिंग केलं.

हसू नका. डिग्री हातात पडून सहा वर्षं झाली, आणि तीही ई अँड टीसीची, म्हणजे चक्क इलेक्ट्रॉनिक्सची. पण कॅम्पसला आलेल्या कंपनीला जावावाले हवे होते आणि आम्हाला नोकरी हवी होती. दोघांचीही गरज भागली. तेव्हापासून हिंजवडीत बसून परदेशातल्या एका बँकेचे फॉर्म नीट भरले जातायत की नाही हे बघतोय. सोल्डरिंग आयर्न शेवटचं हातात धरलं ते फायनल इयरच्या प्रोजेक्टला, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही ते बाबांनीच धरलं होतं. मी शेजारी बसून रिपोर्टचं मुखपृष्ठ सजवत होतो.

बाबांचं इचलकरंजीला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. १९८६ साली टाकलं, २०१५ साली बंद केलं. त्यांचे सोन्याचे दिवस १९८७ चे. रविवारी सकाळी टीव्हीवर रामायण लागायचं, त्यामुळे शनिवारी रात्री दुकानात सेटांची रांग. लोक सायकलच्या कॅरियरला टीव्ही बांधून आणायचे आणि "रात्री कितीही वाजू देत, पण उद्या सकाळी चित्र दिसलं पाहिजे" म्हणून तिथेच फळीवर बसून राहायचे. मी या सगळ्यानंतर दहा वर्षांनी जन्मलो, पण गोष्ट इतक्या वेळा ऐकलीय की मीपण त्या फळीवर बसलो होतो असं वाटतं. पुढे पिक्चर ट्यूब गेली, सपाट टीव्ही आले, "पॅनल गेलंय, नवीनच घ्या" चा जमाना आला आणि दुकानाचं शटर खाली आलं. असो. तो वेगळा विषय आहे.

तर टॅब. २०१९ ला नोकरी लागल्यावर पहिल्या दिवाळीला मी बाबांना दहा इंची टॅब घेऊन दिला. अठरा हजारांचा. तेव्हाच्या पगाराच्या मानाने छातीवर दगड ठेवूनच घेतला होता. (कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच भांडणं नकोत. आणि सगळ्या एकाच माळेच्या मणी आहेत.) बाबांनी खोका उघडला, टॅब हातात घेतला आणि चालू करायच्या आधी उलटा केला.

"याला स्क्रू कुठायत?"

"नाहीत बाबा. आत क्लिपा असतात, टेप असते."

"म्हणजे उघडायचं नाही असं ठरवूनच बनवलंय," असं म्हणून त्यांनी तो परत सुलटा केला. माझ्या अठरा हजारांवरचा अभिप्राय एवढाच.

पण पुढे त्या टॅबने त्यांना धरलं. २०२१ ला बाबांना पार्किन्सन्सचं निदान झालं आणि आई-बाबा पुण्याला माझ्याकडे राहायला आले. (तेव्हापासून घरात दोन प्रकारच्या टॅब्लेट आहेत. एक चार्ज करायची आणि एक वेळेवर घ्यायची. "बाबा, टॅब्लेट कुठंय?" या प्रश्नाला आमच्याकडे नेहमी प्रतिप्रश्न येतो.) या आजारात पावलं अडखळतात, जमिनीला चिकटल्यासारखी होतात. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं, आणि तालावर चाला म्हणजे पाऊल सुटायला मदत होते असंही. मग बाबांनी पॅसेजच्या टोकाला स्टुलावर टॅब ठेवायचा, नाट्यसंगीत लावायचं आणि तबल्याच्या ठेक्यावर पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालायच्या. सकाळी चाळीस, संध्याकाळी चाळीस. फोनवर लावा म्हटलं तर त्यावरची बटणं बोटात येत नाहीत. टॅबवर येतात.

या वर्षी कधीतरी टॅबची बॅटरी गेली. एकदम नाही जात या गोष्टी. आधी दिवसभर पुरायची ती संध्याकाळपर्यंत पुरायला लागली, मग दुपारपर्यंत. मग अडतीस टक्के दाखवत असतानाच गाण्याच्या मध्येच टॅब गपकन बंद. शेवटी चार्जर काढला की पाच मिनिटांत राम म्हणायचा. त्यामुळे टॅबची जागा बदलली. आमच्या हॉलमधलं एकमेव मोकळं सॉकेट चपलांच्या कपाटामागे आहे. बाबा तिथे खुर्ची टाकून बसायला लागले. चार्जरची वायर जेमतेम एक मीटर, त्यामुळे टॅब भिंतीला बांधलेला आणि बाबा टॅबला. येरझाऱ्या बंद झाल्या. मी सकाळी नऊला निघतो, रात्री साडेआठला येतो. मला वाटलं कंटाळले असतील. च्यायला, आपल्याच घरातला बग चार महिने ओपन होता आणि आपण तो बघितलाही नाही!

बघितला तो एका शनिवारी, चहा पिताना. बाबांनी टॅब टीपॉयवर ठेवला होता आणि एका बोटाने त्यावर काहीतरी दाबत होते. दरवेळी भलतंच काहीतरी उघडत होतं. मग त्यांनी हात मागे घेतला, उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला आणि म्हणाले, "जाऊ दे. आता हे पण जमेनासं झालंय. फार हलायला लागलाय हात."

मी टॅबकडे बघितलं. बाबांचा हात टॅबवर नव्हता, तरी टॅब डुलत होता. पाळण्यासारखा. खाली वाकून बघितलं तर पाठ मध्यभागी फुगलेली, एका कडेला स्क्रीन आणि फ्रेममध्ये नख जाईल एवढी फट. एका कोपऱ्यावर बोट टेकवलं की दुसरा कोपरा वर, सपाट टेबलावर उलटी ताटली ठेवल्यासारखं. अशा टॅबवर माझंही बोट नीट पडेना.

"बाबा, हात नाही हलत. टॅब हलतोय."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की हा आपली समजूत काढतोय. मग चष्मा लावून स्वतः वाकले. बराच वेळ बघत राहिले. नंतर म्हणाले, "आधी चार्जर काढ."

आता थोडं थिअरी. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडले तरी चालतील, पण वाचा, मलाही आत्ताच कळलंय.

आपल्या फोनात, टॅबमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली सोनीने पहिल्यांदा बाजारात आणली. ती शक्य करणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते २०१९ साली, म्हणजे मी टॅब घेतला त्याच वर्षी. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. काम साधं: लिथियमचे आयन चार्ज करताना एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातात, वापरताना परत येतात. या येण्याजाण्यात दरवेळी थोडं लिथियम ग्रॅफाइटच्या अंगावरच्या पापुद्र्यात अडकून पडतं आणि कामाला उरत नाही. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर क्षार चढतात ना, तसंच. पापुद्रा जाड होत जातो. याचे दोन परिणाम. एक म्हणजे टाकी लहान होते. दुसरं, जास्त वाईट, म्हणजे टाकीला लागलेला पाइप चोंदतो. टाकीत पाणी आहे, अडतीस टक्के आहे, मीटर खोटं बोलत नाही. पण नळ पूर्ण सोडला की धार येत नाही. गाणं, स्क्रीन, वायफाय सगळं एकदम मागायला लागलं की बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो आणि टॅब स्वतःला वाचवायला बंद होतो. साधारण तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज झालं की क्षमता ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते असा ढोबळ हिशेब आहे.

आणि फुगतं का? आतल्या द्रवाचं विघटन होऊन वायू तयार होतात. टॅबची बॅटरी म्हणजे पत्र्याचा डबा नव्हे, ॲल्युमिनियमच्या पातळ थराची बंद पिशवी असते. वायूला जायला जागा नाही, मग पिशवी पुरीसारखी टम्म. या विघटनाला दोन गोष्टी फार आवडतात: उष्णता, आणि सतत शंभर टक्क्यांवर ठेवलेलं चार्जिंग. आमच्याकडे दोन्ही होतं. एप्रिल-मेचं पुणं आणि चपलांच्या कपाटामागे चोवीस तास लावलेला चार्जर. म्हणजे बॅटरी कमजोर झाली म्हणून चार्जर लावून ठेवला, आणि चार्जर लावून ठेवला म्हणून बॅटरी फुगली.

धोका किती? मी हिशेब केला. सहा हजार एमएएच गुणिले ३.८ व्होल्ट म्हणजे सुमारे २३ वॉट-अवर, म्हणजे ८२ हजार ज्यूल. एक लिटर पाणी वीसेक अंशांनी तापेल एवढी ऊर्जा. ऐकायला काहीच नाही, आंघोळीचं पाणीसुद्धा होणार नाही. पण ती सगळी तळहाताएवढ्या जागेत, काही सेकंदांत बाहेर पडली तर काय होतं त्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. रात्री अकरा वाजता बघू नका.

सर्व्हिस सेंटरला गेलो. बाबा हट्टाने बरोबर आले. काउंटरवरच्या मुलाने टॅब दोन बोटांत धरला, मॉडेल नंबर टाकला आणि म्हणाला, "सर, हे मॉडेल एंड ऑफ लाइफ आहे. पार्ट येत नाही. एक्स्चेंजमध्ये दोन हजार मिळतील, पण बॅटरी बल्ज असेल तर तेही नाही." त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती, त्याच्या स्क्रीनवर तसंच लिहिलेलं. बाबा रिक्षात बसेपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सहा वर्षांत एंड ऑफ लाइफ. माझ्याकडे १९७० सालचा व्हॉल्व्हचा रेडिओ यायचा. व्हॉल्व्ह बदलला की चालू."

मला आठवला तो बाबांचा नोकिया ११००. अंगठ्याने पाठ सरकवायची, बॅटरी हातात. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने बीएल-५सी जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या तापण्याच्या शक्यतेमुळे बदलून द्यायची तयारी दाखवली, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. "बॅटरी फुटते" अशी आवई उठली आणि आमच्या दुकानात लोक पाठ काढून बॅटऱ्या हातात घेऊनच यायचे. मी काउंटरवर उभा राहून नंबर वाचून दाखवायचो. फुकटात. आज तीच भीती वाटली तर बॅटरी हातात घेण्याआधीच तासभर खपावं लागतं. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये नियम केलाय की अशा उपकरणांच्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आल्या पाहिजेत. त्यात तारीख दिलीय १८ फेब्रुवारी २०२७ ची. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक खात्याने राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं. पण आमचा टॅब या सगळ्याच्या आधीचा.

"आपणच करू," बाबा म्हणाले. मी हो म्हणालो, आणि म्हटल्यावर लक्षात आलं की 'आपण' म्हणजे मी.

बॅटरी तपकीर गल्लीत मिळाली. बुधवार पेठेतली ही गल्ली म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची पंढरी. बाबांनी निघताना तीन सूचना दिल्या होत्या. लेबलवरचा पार्ट नंबर अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. तयार झाल्याची तारीख बघायची, कारण बॅटरी फळीवर पडून राहिली तरी म्हातारी होते. आणि पैसे द्यायच्या आधी व्होल्टेज मोजायचा. त्यासाठी त्यांनी आपला मोटवानीचा काटेवाला मीटर माझ्या सॅकमध्ये कोंबला. दुकानदाराने तो बघितला आणि त्याचा चेहराच बदलला. "कोणाचा आहे हो?" म्हणाला. वडिलांचा, दुकान होतं म्हटल्यावर पुढ्यातली बॅटरी मागे सरकवून आतून दुसरी काढली. "ही घ्या. त्या स्टिकरवर आठ हजार एमएएच लिहिलंय, पण तेवढ्याच आकारात ते कुठून येणार?" कनेक्टरच्या पिना इतक्या बारीक की काटेवाल्या मीटरच्या जाड पिना लागेनात, शेवटी त्यानेच आपला डिजिटल मीटर लावून दाखवला. ३.८२ व्होल्ट. साडेचौदाशे रुपये.

शनिवारी सकाळी दहाला सुरुवात. दहाच का, तर बाबांची नऊची गोळी लागू व्हायला पाऊण-एक तास लागतो, आणि पुढचे दोन-अडीच तास त्यांचे चांगले जातात. टॅब आधीच पूर्ण उतरवून ठेवला होता. बॅटरीत जेवढा चार्ज कमी तेवढा धोका कमी. आईने "घराला आग लावू नका" असं जाहीर करून बाल्कनीतली तुळस आत घेतली. समोरच्या बांधकामावरून बादलीभर वाळू आणली. जुन्या बेडशीटवर पाट, पाटावर टॅब.

मग बाबा आतून एक वस्तू घेऊन आले. मिसळणाचा डबा! इचलकरंजीच्या दुकानातला. आईने टाकायला काढलेला तो बाबांनी १९९० च्या आसपास स्क्रूंसाठी उचलला होता. सात वाट्या. ज्या क्रमाने स्क्रू काढायचे त्या क्रमाने वाट्या भरायच्या, मधली शेवटची. त्याला अजून रोझिनचा वास येतो आणि त्याच्या खाली कुठेतरी हळदीचा.

पाठ चिकटवलेली होती. तापवायला सगळे हेअर ड्रायर सांगतात. आमच्याकडे आईची गुडघे शेकायची गरम पाण्याची पिशवी होती, ती कडेकडेने ठेवत गेलो. मधे नाही, मधे बॅटरी. मग ऑफिसातल्या मित्राकडून आणलेली गिटारची नखी फटीत घालून सरकवायची. प्लॅस्टिकची, धातूचं काहीही नको, पिशवीला भोक पडलं की संपलं. पहिली क्लिप 'कट्' करून वाजली आणि माझे हात थांबले.

"सुटली ती. तुटली नाही," बाबा डोळे मिटून बसले होते. "तुटली की आवाज कोरडा येतो. चल पुढे."

पुढे एकच कोरडा आला. त्यांनी डोळे न उघडता "एक गेली" म्हणून नोंद घेतली.

पाठ निघाली. आत सगळा ऐवज म्हणजे एका कडेला चिंचोळा बोर्ड आणि बाकी निम्म्याहून जास्त जागा अडवून बसलेली ती चंदेरी उशी. मी सरळ उशीला हात घालणार, तेवढ्यात बाबा ओरडले. "आधी कनेक्टर!" आणि मग तेच वाक्य, जे मी लहानपणी दुकानात पन्नास वेळा ऐकलंय: "प्लग काढला म्हणजे करंट गेला असं समजायचं नाही." टीव्हीची पिक्चर ट्यूब प्लग काढल्यावरही वीस-पंचवीस हजार व्होल्ट पोटात धरून बसायची. हात घालायच्या आधी वायर लावलेल्या स्क्रू ड्रायव्हरने तो चार्ज चॅसीवर उतरवायचा. एकदा तो न उतरवता हात घातला म्हणून बाबा मागच्या कपाटावर जाऊन आदळले होते. बॅटरीचं तर आणखी अवघड, तिला प्लगच नाही. तीच करंट. निदान बोर्डापासून तरी तोडायची. कनेक्टरवरच्या पट्टीचे दोन स्क्रू पहिल्या वाटीत, आइस्क्रीमच्या काडीने कनेक्टर वर उचलला.

खरी लढाई बॅटरी सोडवायची. खालून दुहेरी टेप. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब कडेने सोडायचे, दोन मिनिटं थांबायचं, जुनं एटीएम कार्ड इंचभर आत सरकवायचं. परत थेंब. पण फ्रेम पाटावर घसरत होती, एका हाताने धरून दुसऱ्याने कार्ड सरकवायला गेलो तर बॅटरी वाकायला लागली. वाकवायची नसते. मला घाम.

"थांब, मी धरतो," बाबा म्हणाले.

मी काही बोललो नाही पण चेहऱ्यावर दिसलं असणार. त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि नेहमीसारखा, अंगठा-तर्जनीत गोळी वळल्यासारखा हलत होता. त्यांनी तो उचलला, फ्रेमवर ठेवला, डावा दुसऱ्या बाजूला, आणि दाबला. हात थांबला. पूर्ण नाही, पण जवळजवळ. पार्किन्सन्सचा कंप मुख्यतः हात रिकामा असताना असतो, कामाला लावला की बराच शांत होतो, हे मला डॉक्टरांनी सांगितलेलं. सांगितलेलं आणि बघितलेलं यात फरक आहे. अर्धा तास त्यांनी फ्रेम धरली. मधे एकदा गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघून पाटासकट बाल्कनीत. म्हणजे पिशवीतून कुठेतरी झिरपलं होतं. तिथे वाऱ्यावर बसून उरलेलं काम केलं. सुटली एकदाची! कनेक्टरला इन्सुलेशन टेप, आणि डालड्याच्या जुन्या डब्यात वाळूत दफन.

नवीन बसवायला दहा मिनिटं. कनेक्टर दाबला, बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही. चार्जर लावला. काही नाही. काळा स्क्रीन आणि त्यात माझाच घामेजलेला चेहरा. मनात हिशेब सुरू झाला. साडेचौदाशे गेले, नवीन टॅब वीस हजार, ईएमआय... आणि त्याहून वाईट म्हणजे बाबांना काय सांगायचं.

बाबा शांत. "चालू असताना आणि आत्ता, यात तू काय काय हलवलंस ते फक्त सांग."

याला आम्ही गिट डिफ म्हणतो. ऑफिसात मी ज्युनिअर पोरांना रोज हेच सांगतो, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा वेड्यासारखं बटण दाबत होतो. आठवत गेलो. पाठ. पट्टी. कनेक्टर. बॅटरी. "बॅटरी उचलताना वरून एक चपटी पट्टी गेली होती, ती मी बाजूला..." ती डिस्प्लेची रिबन होती. बाजूला करताना सॉकेटमधून अर्धी निसटली होती. म्हणजे टॅब बहुतेक केव्हाच चालू झाला होता, दिसत नव्हता एवढंच. नखाने दाबली. बटण.

लोगो.

आई स्वयंपाकघरातून ओट्यावरचं सगळं सोडून बघायला आली. टॅबवर तारीख आली १ जानेवारी १९७०, पहाटेचे साडेपाच. मी मोठ्याने हसलो. कॉम्प्युटरचं घड्याळ मेलं की तो मोजायला तिथूनच सुरुवात करतो, आणि ग्रिनिचची मध्यरात्र म्हणजे आपली साडेपाच. हे मी बाबांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "तिसरीत होतो मी."

टक्केवारी दोन दिवस चुकतच होती, एकदम ऐंशीवरून साठ. आतला मोजणारा चिप जुन्या बॅटरीच्या हिशेबाने चालतो, एकदा पूर्ण भरून पूर्ण उतरवली की शिकतो. आता ठीक आहे. चार्जर ऐंशीला काढायचा हे आईकडे सोपवलंय, ती कुकरच्या शिट्ट्यांइतकंच ते लक्षात ठेवते. जुनी बॅटरी अजून बाल्कनीत डब्यात आहे. ती रोजच्या कचऱ्यात द्यायची नाही, गाडीत दाबली गेली की पेट घेते. २०२२ च्या नियमांप्रमाणे बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. पण आमच्या कंपनीच्या काउंटरवर काय अनुभव आला ते वर लिहिलंच आहे, त्यामुळे पुढच्या रविवारी सोसायटीत ई-कचरा न्यायला येणार आहेत त्यांच्याकडे देईन. तोपर्यंत तुळस हॉलमध्ये. आणि हो, तुमचाही टॅब टेबलावर डुलत असेल तर चार्जर काढा, वर दाबून बसवायला जाऊ नका, आणि शेजारी कोणी जाणता माणूस नसेल तर स्वतः उघडू नका.

संध्याकाळी बाबांनी कपाटातून दुकानाचं जुनं बिलबुक काढलं. ते प्रत्येक कामाची नोंद ठेवायचे. तक्रारीच्या रकान्यात गिऱ्हाईक जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत, "आवाज येतो चित्र येत नाही", "मुंग्या दिसतात", आणि खाली प्रत्यक्ष बिघाड. अक्षर आता फार बारीक झालंय त्यांचं, हाही त्याच आजाराचा भाग. मला फोनचा टॉर्च लावून वाचावं लागलं.

तक्रार: हात हलतो.
बिघाड: बॅटरी फुगली.
सामान: १४५०. मजुरी: मुलगा.

मी ते वाचत होतो तेव्हा पॅसेजमध्ये त्यांची अठरावी की एकोणिसावी फेरी चालू होती. मधेच थांबून म्हणाले, "तो मिक्सर पण आवाज करतोय, पुढच्या शनिवारी बघू." मिक्सर बरा आहे आमचा. मी हो म्हटलं.